म्हसोबाची बाटली आणि बाबांचा ओटीपी

सगळं त्या बटव्यामुळे झालं.

एरवी मी कोपऱ्यावर कोथिंबीर आणायला निघाले तरी पर्समध्ये आधार, पॅन, लायसन्स, मतदार ओळखपत्र आणि पासपोर्ट साइझचे फोटो असतात. (कोथिंबीरवाले काका कधी काय मागतील, सांगता येत नाही.) माझा नवरा पृथ्वीराज त्या पर्सला 'तहसील कचेरी' म्हणतो. पण त्या सकाळी मी मोरपंखी इरकल नेसले होते, तहसील कचेरी होती चॉकलेटी, आणि सासूबाई दारातच म्हणाल्या, "आगं, देवाला चाललोय का उत्पन्नाचा दाखला काढाया?"

त्यावर मी आयुष्यातला पहिला बेधडक निर्णय घेतला. पर्स पलंगावर ठेवली आणि साडीला मॅचिंग असा मुठीएवढा बटवा घेतला. त्यात मोबाइल तिरका करून कसाबसा बसत होता.

बेधडक निर्णय माझ्या प्रकृतीला मानवत नाहीत, हे मला तेव्हाच आठवायला हवं होतं. मी कुकरच्या पहिल्या शिट्टीला दचकते. दुसरीलाही दचकते, ती येणार हे माहीत असून. आणि अशा मला त्या दिवशी दारूच्या दुकानात जाऊन बाटली विकत घ्यायची होती.

गैरसमज नको. बाटली देवासाठी होती.

त्याचं असं झालं, की पृथ्वीराजचं लग्न काही केल्या जमत नव्हतं, तेव्हा आमच्या सासूबाई, म्हणजे तुळजाबाई, माहेरच्या म्हसोबाला नवस बोलून आल्या. हा म्हसोबा खराडीच्या पलीकडे नदीकाठी, त्यांच्या भावाच्या रानात आहे आणि पूर्वापार त्याला बाटलीच लागते. नवस असा: सून येऊ दे, तिच्या हातानं घेतलेली, तिच्या पगारातली बाटली तुला वाहीन. सून आली. (मी.) बाटली काही जाईना. मग वर्षभरात घरातला मिक्सर जळला, बोअरचं पाणी आटलं, सासूबाईंचा गुडघा धरला, आणि प्रत्येक वेळी त्या माझ्याकडे बघून फक्त एकच शब्द म्हणायच्या, "म्हसोबा."

आता माझी बाजू ऐका. मी वर्ध्याची. आमच्या जिल्ह्यात दारूबंदी आहे. म्हणजे दारू मिळत नाही असं नाही, दुकानाला पाटी नसते एवढंच. त्यातून माझे बाबा, वैजनाथ सर, निवृत्त मुख्याध्यापक आणि व्यसनमुक्ती मंडळाचे अध्यक्ष. त्यांनी लिहिलेल्या पथनाट्यात मी लहानपणी बाटलीचं काम करायचे. शेवटच्या प्रवेशात सगळा वर्ग मला लाथा घालायचा. बाटलीशी माझा आलेला संबंध तेवढाच.

तरीही मी ठरवलं होतं, आज अमावास्येला नवस फेडायचाच. धायरीहून आम्ही तिघं गाडीनं निघालो. अभिषेकाचं पाणी, नारळ, गुलाल, पुरणपोळीचा डबा, सगळं घेतलं होतं. बाटली वाटेत घ्यायची ठरली होती.

"आई, आपल्या धायरीत तीन दुकानं आहेत," पृथ्वीराज म्हणाला.

"गप. हितं घेतली तर यमुनीला कळंल. आन् यमुनीला कळलं म्हंजी समद्या भावकीला कळंल. लांब घ्यायची."

यमुनाबाई म्हणजे माझ्या चुलत सासूबाई. त्यांना कळू नये म्हणून सिंहगड रोडवरची दुकानं सोडली, स्वारगेटची सोडली, स्टेशनची सोडली आणि शेवटी येरवड्यात, कारागृहाच्या लांबलचक भिंतीसमोर, सासूबाईंना एक दुकान पसंत पडलं. दुपारच्या नैवेद्याच्या आत रानात पोचायचं होतं.

मी पदर सावरला, मनात 'काही होत नाही' असं म्हटलं, आणि दुकानाच्या पायरीवर पाय ठेवला. आतला फ्रीज घर्रर्र करून सुरू झाला. मी दचकले.

काउंटरवर चष्मा कपाळावर चढवलेले एक काका पेपर वाचत होते.

"काय पाहिजे, बाळ?"

"एक... बाटली."

"कसली?"

मी विचार केला. "काचेची."

शेजारच्या गिऱ्हाइकानं माझ्यासाठी आपणहून जागा केली. काकांनी चष्मा डोळ्यांवर आणला आणि मला इरकलीसकट नीट पाहून घेतलं. (माझा चेहरा दहावीनंतर वाढलेलाच नाही. सोसायटीचा वॉचमन मला अजून 'बेबी, घरात कुणी मोठं आहे का?' विचारतो.)

"वय?"

"सव्वीस."

"आणि मी एकोणीस. आयडी दाखवा."

मी सवयीनं हात घातला तो बटव्यात, आणि तहसील कचेरी धायरीच्या पलंगावर पसरलेली डोळ्यांसमोर आली.

"काका, घरी राहिलं. पण मी खरंच आयटीत आहे, इथे खराडीला. माझ्या हाताखाली चार जण आहेत."

"माझ्या हाताखाली चारशे बाटल्या आहेत. प्रत्येकीला लेबल आहे. तुमचं लेबल दाखवा."

मी गाडीकडे परत आले. सासूबाईंनी माझे रिकामे हात पाहिले, गुडघ्यावर हात दाबून उतरल्या आणि थेट काउंटरला भिडल्या.

"अवो भाऊ, सून हाय माझी! वरीस झालं लग्नाला!"

"मावशी, लग्न अठराला होतं. दारू पंचविसाला."

"म्हंजी?"

"म्हणजे नवरा सांभाळायला अठरा पुरतात. क्वार्टर सांभाळायला पुरत नाहीत."

तेवढ्यात पृथ्वीराज गाडी नो पार्किंगमध्ये लावून धावत आला. "माझं लायसन्स घ्या ना. मी एकतीसचा आहे. मी घेतो आणि हिच्या हातात देतो, म्हणजे झालं."

"देवाला फसिवतो व्हय रं?" सासूबाई कडाडल्या. "तिनं घ्यायची बोललेय मी."

"बरं, मग बियर? ती एकविसाला मिळते. एकवीस तर दिसत असेल ही?"

"नाही," काका पेपरमधून म्हणाले.

"आन् बियर कशाला?" सासूबाई म्हणाल्या. "म्हसोबा काय कालेजात हाय?"

पृथ्वीराज म्हणाला, "जाऊ दे, पुढच्या अमावास्येला येऊ." बाहेर नो पार्किंगमधल्या गाड्या उचलणाऱ्या टेम्पोचा भोंगा वाजायला लागला, तसा तो गाडी हलवायला पळाला. त्यावर सासूबाई नेहमीसारखं 'म्हसोबा' म्हणाल्या असत्या तर मी मुकाट्यानं परत फिरले असते. पण त्या नुसता सुस्कारा टाकून म्हणाल्या, "चला. भित्री हाय ती. हिच्याच्यानं न्हाई व्हायचं."

मी पदर खोचला.

"काका," मी म्हणाले, आणि माझा आवाज इतका मोठा निघाला की त्यालाही मी दचकले, "मोबाइलवर आधार दाखवलं तर चालेल?"

"फोटो चालणार नाही. फोटोत माझी म्हैसपण पंचवीस वर्षांची आहे. सरकारी अ‍ॅपमध्ये, माझ्यासमोर उघडायचं."

मी अ‍ॅप उतरवून घेतलं. नंबर टाकला. अ‍ॅप म्हणालं, आपल्या नोंदणीकृत मोबाइलवर ओटीपी पाठवला आहे. मी वाट पाहिली. काही आलं नाही. मग त्या नंबरचे शेवटचे आकडे दिसले.

नंबर बाबांचा होता. शाळेत आधार काढलं तेव्हा त्यांनी आपला दिला होता, आणि तो बदलायचा मी दर दिवाळीला ठरवते.

मी बाहेर जाऊन फोन लावला.

"बाबा, तुमच्या मोबाइलवर एक ओटीपी आलाय. पटकन सांगा ना."

पलीकडून बाबांचा मुख्याध्यापकी आवाज: "कोण बोलतंय?"

"मी श्रद्धा!"

"आवाज तर श्रद्धाचा आहे. पण आवाज आता काढता येतात. बँकेनं आमचं शिबिर घेतलं मागच्या हप्त्यात. ओटीपी कोणालाही द्यायचा नाही. मुलगी म्हणवणाऱ्या व्यक्तीलाही नाही."

"बाबा, मी म्हणवत नाही, मी आहे!"

"मग सांग. पहिलीत तुझ्या वर्गशिक्षिका कोण होत्या?"

"इंदुबाई."

"त्यांनी तुला शिक्षा काऊन केली होती?"

"...बाकाखाली लपून बसले होते म्हणून."

"कशाला घाबरून?"

"घंटेला." हे मला येरवड्याच्या भर रस्त्यात ओरडून सांगावं लागलं. दुकानातलं ते शेजारचं गिऱ्हाईक आता पायरीवर येऊन ऐकत होतं.

"बरोबर," बाबा म्हणाले, "पण हे गावात सगळ्यांना माहीत आहे. व्हिडिओ कॉल कर."

एवढ्यात ओटीपीची मुदत संपली. मी दुसरा मागवला आणि व्हिडिओ कॉल लावला. मागे बाटल्या दिसू नयेत म्हणून (अध्यक्षांची मुलगी!) मी दुकानाकडे तोंड आणि रस्त्याकडे पाठ करून उभी राहिले. हे मला फार हुशारीचं वाटलं.

"तुझ्या मागे ती एवढी उंच भिंत कसली?" बाबांनी चष्मा लावला. "का... रा... गृह. श्रद्धा! तू जेलमध्ये आहेस?"

"जेलच्या बाहेर आहे!"

"सुटलीस?"

"गेलेच नव्हते, बाबा!"

"समजलं," बाबा एकदम हळू आवाजात बोलू लागले. "डिजिटल अरेस्ट. शिबिरात दाखवलं होतं. तुला कोणीतरी धरून ठेवलंय आणि ओटीपी मागायला लावतंय. घाबरू नकोस. 'हो' असेल तर नुसती मान हलव. समोर कोण आहे?"

मी घाबरून मान हलवली. (मी घाबरले की मान आपोआप हलते.)

"अगं, ऐकलंस का!" बाबा आतल्या दिशेनं ओरडले. "पोरीला अटक झाली!"

मागून आईनं घातलेली हाक, काहीतरी स्टीलचं पडल्याचा आवाज, आणि बाबा दुसऱ्या मोबाइलवर सायबर हेल्पलाइनचा नंबर शोधताहेत, हे सगळं मला स्पष्ट ऐकू येत आणि दिसत होतं. पाच मिनिटांत माझ्या बाटलीचा गुन्हा नोंदवला गेला असता. तेवढ्यात माझ्या हातातून मोबाइल गेला. सासूबाईंनी घेतला होता.

"नमस्कार, सर. मी तुळजाबाई. पोरीला कुनी धरलं न्हाई. आमी दारू घेतोय."

मी डोळे मिटले. बाबांचे सगळे भाषणांचे फोटो, मंडळाचा बॅनर, पथनाट्यातल्या लाथा माझ्यासमोरून गेल्या.

"म्हसोबाला नवस हाय," सासूबाई पुढे म्हणाल्या. "तुमची लेक आमच्या घरात यावी म्हून बोलले होते. देवानं दिली. आता त्याचं त्याला द्याया नगं?"

बाबांनी चष्मा काढला, पुसला आणि परत लावला.

"विहीणबाई," ते म्हणाले, "माझी पोरगी तुमच्या नवसाची आहे, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. श्रद्धा, ओटीपी लिहून घे." आकडे सांगून झाल्यावर ते थांबले. "आणि देवाला माझा नमस्कार सांग. म्हणावं, हळूहळू कमी करा."

मी धावत आत गेले. ओटीपी टाकला. आधार उघडलं. त्यावर दोन वेण्या आणि गणवेश घातलेली एक मुलगी कॅमेऱ्याला घाबरून उभी होती.

काकांनी फोटो पाहिला. मला पाहिलं. पुन्हा फोटो पाहिला.

"दचकलेला चेहरा जुळतोय," ते म्हणाले. "जन्मतारीख बरोबर आहे. कुठली देऊ?"

"त्येच ते," सासूबाई मागून म्हणाल्या आणि बोटानं दाखवलं. म्हसोबाची आवड त्यांना पाठ होती.

काकांनी बाटलीबरोबर एक चिठोरा फाडून दिला. "एक दिवसाचा परवाना. आपल्या राज्यात दारू प्यायला परवाना लागतो. सही करा."

मी सही केली. माझ्या नावाचा, माझ्या सहीचा, सरकारी परवाना! तो मी घडी घालून बटव्यात खोचला. मोबाइलवरूनच पैसे दिले. बाटली दोन्ही हातांनी छातीशी धरून बाहेर आले, तेव्हा पायरीवरच्या त्या गिऱ्हाइकानं चक्क टाळी वाजवली. मी दचकले, पण बाटली सोडली नाही.

नैवेद्याच्या वेळेला आम्ही रानात पोचलो. नदीकडून वारा येत होता, पलीकडे आमच्या ऑफिसचीच काचेची इमारत चमकत होती, आणि शेंदूर फासलेल्या त्या दगडावर मी माझ्या हातानं बाटली रिती केली. सासूबाईंनी हात जोडले. "देवा, सुनंच्या हातची हाय," त्या म्हणाल्या. "तिच्याच पगारातली. लई झगडली बिचारी." मग माझ्याकडे वळून त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला आणि बोटं कानशिलावर मोडली. "भित्री न्हाईस गं तू. वाघीण हाईस."

वर्षभर ज्या वाक्यासाठी मी झुरत होते, ते हे. परतीच्या वाटेवर मी मागच्या सीटवर ताठ बसले होते. पृथ्वीराज आरशातून बघून हसत होता. मी मनात ठरवून टाकलं, आता कुकरला दचकायचं नाही.

पुढच्या सीटवर सासूबाईंनी मोबाइल काढला. गुडघा चेपत, अभिमानानं फुललेल्या आवाजात त्या बोलू लागल्या.

"यमुने, ऐकलंस का? आमच्या श्रद्धीला दारूचा परवाना मिळाला. व्हय, सरकारी! सही-शिक्क्याचा. न्हाई न्हाई, पृथ्वीला न्हाई, तिलाच. तिच्या बापानंच मिळवून दिला, वर्ध्यावरनं. आगं, तिकडं बंदी होती म्हनं पोरीला, लई दिस अडकून होती. हितं आली आन् सुटली बघ एकदाची!"