गुंडाची पाठ आणि कार्डाचा डबा

कोरेगावच्या आपल्या स्टुडिओत कॉम्प्युटरसमोर बसलेल्या जयराजच्या तोंडचं पाणी पळालं होतं. काल दसऱ्याच्या मैदानात पंच हंबीररावांनी गुंडा पैलवानाला चितपट ठरवलं आणि गुंडाच्या गावाने बोंब ठोकली, की त्याची पाठ टेकलीच नव्हती. आता निकाल फोटोवर ठरणार होता. दोन्ही पैलवानांची गावं दाराबाहेर, हंबीरराव आत खुर्चीत, आणि फोटो जयराजच्या नव्याकोऱ्या डिजिटल कॅमेऱ्याच्या कार्डात. कॉम्प्युटरवर ते कार्ड काही दिसेना.

"फोटू न्हाई निघाला, तर तू गुंडाच्या गावाला फितूर झालास आसं समजीन," हंबीरराव शांतपणे म्हणाले.

जयराजने कार्ड वाचायचा छोटा डबा काढून पुन्हा जोडला. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. सांगलीला इंजिनिअरिंग शिकणाऱ्या मावसभावाने, मुकुलने, त्यात विंडोजऐवजी लिनक्स घालून दिलं होतं. फुकट ते पौष्टिक म्हणून जयराजने घालू दिलं, आणि आता भोगत होता. तिथे कार्ड आपणहून उघडत नाही, टाइप करून हुकूम द्यावा लागतो. एखादं अक्षर चुकून सगळं पुसलं गेलं तर? त्याने सांगलीला फोन लावून स्पीकर चालू केला.

"मुकुल, कार्ड उघडायला माउंट म्हणून हुकूम दिला, तर म्हणतंय आत कार्डच न्हाई."

"डबा तरी दिसतोय का?"

"डबा दिसतोय."

"मग लिनक्सला बोल लावू नको, दादा. डब्यातल्या पिना बघ."

चहा घेऊन आलेली जयराजची बायको संयोगिता हे ऐकून दारातच थबकली.

"आवं, परवा खंडेनवमीला समद्या यंत्रांची पूजा केली न्हवं का. ह्या डब्याचं तोंड उघडंच व्हतं. कुंकू आत पडलं आसंल."

बायकोवर ओरडायचंही भान जयराजला राहिलं नाही. लेन्स पुसायच्या ब्रशने त्याने पिना झाडल्या, कुंकू फुंकून काढलं, कार्ड घातलं आणि जीव मुठीत धरून पुन्हा हुकूम दिला. फोटो उघडला.

गुंडाचा एक खांदा जमिनीपासून चांगला वीतभर वर होता. मागे हंबीरराव हात उंचावून निकाल देत होते. मान मात्र भेळेच्या गाड्याकडे वळलेली.

हंबीररावांनी कपाळावरचा घाम पुसला. "जयराज, बाळा," ते एकदम मऊ आवाजात म्हणाले, "कार्ड दिसत न्हवतं, त्येच बरं व्हतं. भाईर तसंच सांग."

जयराज दोन्ही गावांना भ्यायचा, पण हंबीररावांना जास्त. त्याने मान डोलावली. पण आपल्या हातची चूक निस्तरली या आनंदात संयोगिताने केव्हाच बाहेरचं दार उघडलं होतं.

"या की समदी आत. फोटू लय झ्याक आलाय."

हंबीरराव डार्करूममध्ये शिरले आणि त्यांनी आतून कडी लावली. मागोमाग जयराजने तेच दार हळूच वाजवलं.

"आण्णा, मला बी घ्या आत."