झाडाचा वजनी गट

सुदामकाका माणसाला बाद देतात. शहाडच्या आमच्या चाळीत नळाच्या रांगेत कुणी मधे घुसलं, की काका ओट्यावरून शिट्टी मारतात, हात वर करतात आणि म्हणतात, "बाद! बाजूला उभ्या राहा, ताई." ताई शिव्या घालतात, पण बाजूला उभ्या राहतात. तीस वर्षं गावोगावच्या कबड्डीत पंच म्हणून उभे राहिलेत ते. एका लग्नात पंगतीला दुसऱ्यांदा बसलेल्या नवरदेवाच्या मामालाही त्यांनी बाद दिलाय.

मी त्यांचा भाडेकरू. हिंगोलीकडून आलेलो, आठवीत शाळा सुटलेली, उल्हासनगरात जीन्स शिवतो. आलो तेव्हा इथे ओळखीचं कुत्रंही नव्हतं. पहिल्याच महिन्यात काविळीने पडलो, तर काकूंनी बिनतेलाचं वेगळं रांधून घातलं आणि काका रोज माझी पापणी ओढून बघायचे. "अजून पिवळाच. झोप." तेव्हापासून काकांना नाही म्हणायची माझी छाती होत नाही. आणि उद्या खोली सोड म्हणाले तर कुठे जाऊ, ही धास्ती वेगळीच.

गेल्या उन्हाळ्यात त्यांनी हाक मारली. "अरे, इंग्रजी येतं ना तुला?"

"आठवीपर्यंतचं, काका."

"बास झालं. माझ्यापेक्षा जास्त आहे."

हातात गुळगुळीत कागदाचं जाड चित्रांचं पुस्तक होतं. वर हिरवा राक्षस, सुळे बाहेर, काखेत खिळे ठोकलेला चेंडू. "आमच्या सिद्धूचं आहे. पलंगाखाली सापडलं," काका म्हणाले. "रविवारी त्याला फोन करायचाय. तोवर वाचून काढू."

सिद्धू त्यांचा मुलगा. ठाण्याला राहतो. काकूंशी बोलतो, काकांशी तीन वर्षं नाही. पोरगा कबड्डी सोडून मित्रांबरोबर टेबलावर कसलातरी खेळ खेळायला लागला, तर काका त्या मित्रांसमोरच म्हणाले, "बाहुल्या खेळतो हा." महिनाभरात सिद्धूने ठाण्याला वेगळी खोली बघितली. हे मला काकूंनी सांगितलेलं, तेही भाजी निवडता निवडता, मान वर न करता.

आम्ही वाचायला बसलो. म्हणजे बघायला. एक संघ नुसत्या सांगाड्यांचा. दुसऱ्या संघात दाढीवाले बुटके आणि एक चालतं झाड. खेळत कुणीच नव्हतं, सगळे हाणत होते. चेंडू तिसऱ्या पानावर हरवला तो नवव्या पानावर एका बुटक्याच्या दाढीत सापडला. पंच भर मैदानात एका संघाकडून भाजलेली तंगडी घेऊन खात होता. त्या पानावर काकांनी पुस्तक मिटलं आणि दिवसभर उघडलं नाही.

मी मोबाईलचा कॅमेरा पानावर धरला, तो आपोआप मराठी करून देतो म्हणून. त्याने दिलं: "तुझी मावशी गवताने भरलेली आहे." काकांनी ते वहीत उतरवून घेतलं.

माझं डोकं गरगरत होतं. सहाव्या पानावर मान मोडलेला सांगाडा सातव्यावर पळतोय! काकांना त्याचं काहीच वाटलं नाही. "त्यात काय? समोरचा गडी बाद झाला, की आपला बाद झालेला जिवंत होतो. कबड्डीच आहे ही. फक्त दम घालत नाहीत."

अडलं ते झाडापाशी. "याचं वजन कुणी केलं? कुठल्या वजनी गटात खेळवतायत?" चार दिवस हेच. दूधवाल्यालाही विचारलं.

मला वाटलं, उपकार फेडायची हीच वेळ. जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला ठेवून मोबाईलवर व्हिडिओ बघत बसलो. शनिवारी येऊन एका दमात सांगून टाकलं, "काका, हा टेबलावर रंगवलेल्या बाहुल्या आणि फासे घेऊन खेळायचा खेळ आहे! त्याच्यावरून हे पुस्तक काढलंय. वजन-बिजन काही नाही. झाड संघात एखादंच घेतात, आणि फासा उलटा पडला, की ते मैदानातच मुळं धरतं, जागचं हलत नाही."

काकांचा चेहरा पडला. "तुला कुणी सांगितलं होतं शोधायला?"

ते आत निघून गेले. मला काही समजेना. मी खोलीत येऊन कपड्यांच्या घड्या घालून ठेवल्या, न जाणो, उद्या निघायला सांगितलं तर.

रविवारी सकाळी काकूंनीच बोलावलं. काकांनी फोन लावून मधे ठेवला होता.

"...बाबा?"

"हं. पान चौदा. ते झाड कुठल्या वजनी गटात खेळतं?"

मला राहवेना. उत्तर ठाऊक होतं, मी तोंड उघडलं. काकांनी माझ्यासमोर पंजा धरला.

"जय भीम, बाबा," पलीकडून आवाज आला.

"जय भीम. झाडाचं सांग."

आणि सिद्धू बोलायला लागला. फासे, मुळं, कुठल्या मित्राचं झाड कितीदा अडकलं, सगळं. काका म्हणत होते, "असं होय? बरं, मग?" मग विचारलं, "आणि तो मेलेला सांगाडा उठतो कसा रे? मला तर काही कळेना बुवा."

मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. काकूंनी ऐकू यावं म्हणून कुकरखालचा गॅस बंद केला.

पाऊण तासाने फोन ठेवला. काकांनी चष्मा काढून पुसला, परत पुसला. मग पुस्तक माझ्याकडे सरकवलं.

"पुढच्या रविवारसाठी न कळणारं काहीतरी शोध. आणि तुला कळलं, तर मला सांगू नकोस."