स्वागताच्या भाषणात आलेले अडथळे

"बंधुभगिनींनो, एस.टी. आपल्या वाडीत आली आहे!"

भाषणाचं हे पहिलं वाक्य मी आदल्या दिवशीच पाठ केलं होतं. महाडहून चाचणीची गाडी यायची, वाडीत वळायची, परत जायची. एवढं झालं की रोजची फेरी मंजूर! यात चुकण्यासारखं काय होतं?

"या यशामागे कोण आहे, ते मी सांगणार नाही."

(इथे सगळ्यांनी माझ्याकडे बघायचं ठरलं होतं.)

माझा स्वार्थ एवढाच, की बायको मंजुळा महाडला माहेरी जाऊन बसली होती. "फाट्यापासून डोंगर चढून मी आता येणार नाय. एस.टी. आली की येईन!" त्या चाचणीच्या गाडीतूनच ती येणार होती.

"हा भव्य मांडव पाहा!"

भव्य होताच. वाडीत सपाट जागा एकच, तिथे तो घातला. मांडववाल्या महिपतने खांब असे पुरले, की वादळानेही हात जोडावेत.

गाडी आली. रस्ता तपासायला आलेल्या एस.टी.च्या साहेबांना फेटा, शाल, खुर्ची. मंजुळेने खिडकीतून विचारलं, "अहो, उतरू का?"

"थांब गो! आधी भाषण, मग ओवाळणं, मग उतरायचं!"

"साहेबांचे उपकार..." मी सुरुवात केली.

"वळायची जागा दाखवा," साहेब म्हणाले.

"साहेब, तुमच्या खुर्चीखाली."

साहेब उठले. खुर्चीखाली पाहिलं. मांडवाकडे पाहिलं. महिपतने खांब हलवून पाहिला, तो अभिमानाने म्हणाला, "नाय हलत!"

साहेब गाडीत बसले. ड्रायव्हरने गाडी मागे घ्यायला सुरुवात केली. उलटी, उतारावरून, मंजुळेसकट!

मी समोरून हात जोडून धावलो. लोकांना वाटलं, निरोपाचा कार्यक्रम आहे. त्यांनी लेझीम धरलं.

"उतर गो!" मी ओरडलो.

"कशाला? तुम्हीच चढा!"

फाट्यावर गाडी थांबली. मी चढलो.

महाडला सासूबाई दारातच उभ्या. "जावईबापू! एस.टी. आली म्हणं वाडीत?"

"आली."

"मग तुम्ही हिकडं कसं?"

मंजुळा आत जाता जाता म्हणाली, "मला सोडायला आलेत."