तारखांचा दवाखाना

चिमणने फंडातले दोन लाख काढून भाच्याच्या कंपनीत घातले, त्या दिवशी त्याच्या बायकोने, ठकीने, चूलच पेटवली नाही.

"त्यापेक्षा डहाणूकडं चिकूची झाडं घ्यायची. झाडाला फळ तरी लागतं. याच्या कंपनीला काय लागणार?"

"अगं, पुढच्या वर्षी मी रिटायर होणार. मग घरात कायतरी यायला नको?"

कंपनी म्हणजे तलासरी नाक्यावरचा एक गाळा, दोन कॉम्प्युटर आणि 'तारखांचा दवाखाना' अशी पाटी. सरकारी कागद कॉम्प्युटरवर चढवताना तारखांचे घोळ होतात; कुणाचं लग्न जन्माआधी, कुणाची बदली मेल्यानंतर. ते शोधून देणारा प्रोग्राम या भाच्याने, नितीनने, बनवला होता. २०१८ निम्मं सरलं तरी गिऱ्हाईक एकही नव्हतं. चिमणची झोप उडाली. तो ज्या शाळेत शिपाई होता, तिथल्या मुख्याध्यापकांच्या हातापाया पडून त्याने भाच्याला एक संधी मिळवून दिली.

सगळ्या कर्मचाऱ्यांच्या नोंदी प्रोग्राममध्ये घातल्या. मशीनने एकच नाव लाल केलं. चिमणचं.

"वडील सुकऱ्या, मयत मार्च १९५७," सरांनी वाचलं. "चिमण, जन्म एक जून १९५९..." ते थांबले. स्टाफरूममध्ये सगळ्यांनी चहाचे कप खाली ठेवले.

घोळ साधाच होता. त्या काळी गुरुजी मुलाला डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरायला लावत. हात पोचला की मूल सहा वर्षांचं, जन्म एक जून. चिमणचे हात मुळातच आखूड. त्याला कान सापडायला तीन वर्षं जास्त लागली.

"कॉम्प्युटर चुकला असंल," चिमण पुटपुटला.

नितीनने त्याला बाजूला ओढलं. "मामा, असं बोलू नका. मशीन चुकलं म्हणालात तर कंपनी आजच बंद. तुमचे पैसे गेले."

"आणि बरोबर म्हटलं तर माझी नोकरी जाते."

"मग सांगा, दोन्ही तारखा बरोबर आहेत."

चिमणने त्याच्याकडे रोखून बघितलं. "आणि तुझी आजी?"

चिमणच्या आईला, भिकीला, जाऊन दहा वर्षं झाली होती. लोकांच्या शेतात भात लावून तिने एकटीने दोन पोरं वाढवली होती. तिच्याबद्दल चार माणसांनी असा चहा खाली ठेवावा, याचं चिमणला फार वाईट वाटलं. तो सरांपुढे जाऊन उभा राहिला.

"सर, माझी तारीख चुकीची हाय. बाप जिता असतानाच मी जन्मलो. लिहून घ्या."

सरांनी लिहून घेतलं. हिशेबाने चिमण दोन वर्षांपूर्वीच निवृत्त झालेला निघाला. प्रोग्राम मात्र सगळ्यांना पसंत पडला. सरांनी तिथल्या तिथे खरेदीची फाईल तयार केली, सही ठोकली, नितीनचं अभिनंदन केलं आणि घंटी वाजवली.

कुणी आलं नाही.

पुन्हा वाजवली. दाराशी उभ्या चिमणने सवयीने आत येऊन फाईलसाठी हात पुढे केला.

"तुम्हाला नाही देता येणार, चिमणभाऊ," सर ओशाळून म्हणाले. "बाहेरच्या माणसाच्या हातात सरकारी फाईल कशी देऊ? नवीन शिपाई येईपर्यंत ती इथेच राहील."

"आणि तो कधी येणार?"

"जागा रिकामी झाल्याचं पत्र वर गेलं, की लगेच," सर म्हणाले. "पण ते घेऊन जायला कुणीतरी पाहिजे ना."