सतरा नंबरची सखूबाई

आमच्या मुलुंडच्या बिल्डिंगमधल्या मधू कांबळेला काहीही सांगायला जा, तो आधी विचारणार, "कोण म्हणालं? कधी?" मी नुसतं म्हटलं, मधू, उद्या पाणी उशिरा येणार आहे, तरी हेच. आणि हा स्वतः तीस वर्षं पाणीखात्यात चावीवाला. आख्ख्या वॉर्डाचं पाणी यानेच सोडायचं, यानेच बंद करायचं. माझ्या लोणच्याच्या बरणीवरही त्याने चिठ्ठी लावलीय: माझं नाव, तारीख आणि 'वर्षभर टिकतं, तोंडी माहिती'.

रिटायर झाल्यावर त्याने घाटकोपर-गोवंडीकडच्या बुजलेल्या विहिरींवर पुस्तक लिहिलं. हसते मी, पण खरं सांगू, कौतुकच जास्त वाटतं. साठीत कॉम्प्युटर शिकला, वर संदर्भांचं सॉफ्टवेअरही शिकला. कोणती गोष्ट कुठून कळली ते त्यात एकदा भरायचं, की मजकुरात नंबर पडतो. नंबरावर टिचकी मारली की सांगणाऱ्याचं नाव उघडतं. प्रकरण पुढेमागे केलं तर नंबर आपोआप बदलतात. एकदा असाच तीनचा सतरा झाला, तर हा दोन दिवस चहाला आला नाही. का, ते तेव्हा मला कळलं नव्हतं.

प्रकाशकाने बजावलं होतं, शुक्रवारपर्यंत फाईल द्या, नाहीतर पुस्तक पुढच्या वर्षी. आणि सॉफ्टवेअरची जोडणी तोडून, नंबर साधे करून पाठवा, छापताना घोळ नको. एका बटणाचं काम. शुक्रवारी दुपारी वर गेले, तर हा बटणाकडे बघत बसलेला.

म्हटलं, अरे, वॉर्डाचं पाणी तोडताना तुझा हात कधी अडला नाही, आणि आता काय झालं?

त्याने सतरावर टिचकी मारली. 'कांबळे, सखूबाई. तोंडी माहिती. गोवंडी.' त्याची आई. जाऊन बरीच वर्षं झाली. तिथल्या विहिरीला कुठल्या अंगाने गोडं पाणी लागायचं, ते तिने सांगितलेलं. खाली सालाची चौकट रिकामी.

"जगाला तारखा विचारतोस, आणि इथे रे?"

"आईला कोण विचारतं, ताई? वाटलं, आहेच ती."

मग म्हणाला, जोडणी तोडली की सतरा नुसता आकडा. टिचकी मारली तरी कोणी येणार नाही.

मी म्हटलं, पुस्तकाच्या मागे संदर्भांच्या यादीत नाव तर छापून येतंय, तेही दोन प्राध्यापकांच्या मधोमध. आणि घरची प्रत ठेव की जोडणीसकट. तर म्हणे, तीन ठेवल्यात. तरी हात पुढे जाईना.

"सरक," म्हटलं, आणि मीच बटण दाबलं. चारच्या आत फाईल गेली.

निघाले, तर त्याने घरची प्रत उघडली, सतरावर टिचकी मारली आणि माझ्यासाठी खुर्ची ओढली.

"बसा ना, ताई. ही माझी आई."