शितोची बरणी आणि दहा गुण

व्होल्टा प्रांतातल्या एका विद्यापीठात ‘नीतिशास्त्र परिचय’ हा विषय सर्वांना सक्तीचा आहे. तो उत्तीर्ण झाल्याशिवाय पदवी मिळत नाही. त्यामुळे तिथून बाहेर पडलेला प्रत्येक पदवीधर सज्जन असतो, ही गोष्ट कागदोपत्री सिद्ध झालेली आहे. ज्यांची सज्जनता अपुरी पडते, त्यांना वर्षभराने पुन्हा संधी मिळते.

सेफाकोरची अपुरी पडली. गणितात पहिली आलेली ही मुलगी नीतीत चार गुणांनी नापास झाली. पदवीनंतरच्या सक्तीच्या राष्ट्रीय सेवेसाठी केटाच्या शाळेत तिची नेमणूक झाली होती, सोमवारी हजर व्हायचं होतं, आणि तिच्या आईने ही बातमी अख्ख्या मासळीबाजाराला सांगून टाकली होती.

घोडं अडलं होतं चौथ्या प्रश्नावर. ‘स्वतःच्या आयुष्यातील प्रामाणिकपणाचा एक प्रसंग लिहा. गुण दहा.’ आठशे बारा विद्यार्थ्यांपैकी आठशे अकरा जणांना ट्रोट्रो मिनीबसच्या मागच्या सीटवर पाकीट सापडलं होतं. सगळ्यांनी ते एका रडणाऱ्या म्हातारीला परत केलं होतं, आणि म्हातारीने सगळ्यांना तोंडभर आशीर्वाद दिला होता. जुन्या प्रश्नपत्रिकांच्या उत्तरांची झेरॉक्स पुस्तिका फाटकाबाहेर मिळते. तीत हे उत्तर गेली अकरा वर्षं आहे. म्हणजे त्या एका रस्त्यावर जवळपास नऊ हजार पाकिटं हरवली आणि झाडून सगळी परत मिळाली. पोलीस ठाण्यात यातल्या एकाचीही तक्रार नाही. तिथल्या म्हाताऱ्यांचा तरुण पिढीवर किती विश्वास आहे, ते यावरून दिसतं.

सेफाकोरने पुस्तिका घेतली नव्हती. तिने घडलं ते लिहिलं. वसतिगृहात तिच्याच खोलीत राहणाऱ्या एसिनामला आईने घरून शितोची बरणी पाठवली होती. मिरची-सुक्या कोळंबीचा तो काळा, तेलकट ठेचा समोर असताना आंबवलेल्या मक्याच्या पिठाचा कोरडा केंके कुणाच्या घशाखाली उतरेल? एक-एक चमचा करत सेफाकोरने अर्धी बरणी संपवली. आळ शेजारच्या खोलीतल्या मुलीवर आला. चौथ्या दिवशी सेफाकोरने सगळ्यांसमोर कबुली दिली.

उत्तरावर शेरा होता : ‘पाकीट नाही. म्हातारी नाही. शून्य.’

ती हा विषय शिकवणाऱ्या आणि पेपर तपासणाऱ्या डॉ. अमेनुवोर सरांकडे गेली.

“सर, माझा प्रसंग खरा आहे.”

“तीच तर अडचण आहे, पोरी. खऱ्या प्रसंगाचं आदर्श उत्तर माझ्याकडे नाही. ताडून कशाशी बघू?”

“पण बाकीच्यांनी पाठ केलेलं लिहिलंय!”

“आठशे अकरा जण एकमुखाने एक सांगतात, तू एकटी भलतंच सांगतेस. संशय कुणाचा घ्यायचा?” सरांनी चष्मा पुसला. “शिवाय शितो खाल्लास, हे तुला कबूल आहे?”

“हो सर. तेच तर लिहिलंय.”

“मग हे गुणांचं प्रकरण राहिलं नाही. वसतिगृहातली चोरी म्हणजे शिस्तपालन समिती.”

“समितीचे अध्यक्ष कोण आहेत, सर?”

“मीच. पण तिथे मी तुला ओळखणार नाही.”

गुरुवारी समिती बसली. पुरावा म्हणून सेफाकोरची उत्तरपत्रिका तीन प्रतींत जोडली होती. एसिनामला पीडित पक्ष म्हणून बोलावलं होतं.

“अहो सर, मी तिला कधीच माफ केलं! दोन दिवस अबोला धरला, मग आपोआप मिटलं. आईने दुसरी बरणीसुद्धा पाठवली.”

“माफी तुमची खाजगी आहे. चोरी विद्यापीठाची आहे,” अध्यक्ष म्हणाले. “आणि दुसरी बरणी आली, यावरून पहिली संपल्याला दुजोराच मिळतो. घ्या लिहून.”

लिपिकाने लिहून घेतलं. शिक्षा एक वर्ष निलंबनाची होती. सेफाकोरचा चेहरा पाहून समिती विरघळली आणि नियमात बसणारी वाट शोधू लागली. ती सापडली. सेफाकोरने प्रतिज्ञापत्र द्यायचं : ‘सदर शितो मी खाल्लेला नाही. सदर प्रसंग संपूर्ण काल्पनिक आहे.’ प्रसंग घडलाच नाही म्हणजे चोरी नाही. प्रसंगच नाही म्हणजे उत्तरही नाही, प्रश्न कोरा. आणि कोरा राहिलेला प्रश्न समितीसमक्ष अर्ध्या तासात सोडवता येतो.

“पण सर, हे खोटं आहे.”

“खोटं कसं असेल? वर ‘सत्यप्रतिज्ञेवर’ असं छापलंय.”

“अगं ए शहाणे, कर ना सही!” एसिनाम कुजबुजली. “नाहीतर अजून वर्षभर माझाच शितो खात बसशील.”

सेफाकोर पेन हातात धरून बसली. सोमवार दिसत होता, केटाची शाळा दिसत होती, बाजारात मिरवणारी आई दिसत होती. मग तिने सही केली. हे सर्व खरं असल्याबद्दल साक्षीदार म्हणून एसिनामनेही केली. नंतर सेफाकोरने कोरा कागद ओढला आणि म्हातारीला असं काही रडवलं की, सरांनी दहापैकी दहा देऊन खाली लिहिलं : ‘मनापासून लिहिले आहे.’

झालं ते वाईटच झालं, यात शंका नाही. पण वाचकहो, ती पोर पेन धरून बसली होती तेव्हा ‘कर गं बाई सही, हो मोकळी’ असं तुमच्या मनात आलं होतं की नाही? नव्हतं आलं? उत्तम. तसं लिहून द्या. साक्षीदार आम्ही देऊ.