जांघेतली अक्कलदाढ

रजेच्या अर्जावर कारण काय लिहायचं, एवढाच प्रश्न होता. ऑपरेशन जांघेतल्या हर्नियाचं. पण आमच्या हेडक्लार्कबाई प्रत्येक अर्ज साहेबांना खणखणीत आवाजात वाचून दाखवतात. म्हणून मी लिहिलं, 'अक्कलदाढ काढणे.' (ती मला आलीच होती का, हे आता तुम्हीच ठरवा.)

ऑपरेशन छान झालं. डॉक्टर म्हणाले, "दुखायची वाट बघू नका. वेळ झाली की थोडं खायचं आणि लगेच गोळी घ्यायची. उपाशीपोटी मात्र नाही." मी मान डोलावली. मान तेवढी दुखत नव्हती.

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी बायको टोस्ट आणि गोळी पुढ्यात ठेवून आंघोळीला गेली. मी घास घेणार, तोच साहेब आणि हेडक्लार्कबाई दारात हजर! मी टोस्ट उशीखाली ढकलला. दाढ काढलेला माणूस कडक टोस्ट कसा चावणार? आणि खाल्ल्याशिवाय गोळी कशी घेणार?

"फार दुखतंय का हो?" बाईंनी विचारलं.

"बोलताना जरा..." मी गाल धरला.

"मग तुम्ही गप्प बसा, मी बोलतो," म्हणत साहेबांनी खुर्ची पुढे ओढली आणि विनोद सांगायला सुरुवात केली. साहेबांच्या विनोदाला न हसण्याची ऑफिसात कुणाची छाती नाही. इकडे हसलं की टाके असे ओढले जायचे, की डोळ्यांपुढे काजवे! शेवटी गालावरचा हात आपोआप खाली गेला आणि मी ओरडलो, "आई गं, मेलो!"

"मुळं बरीच खोल गेली होती वाटतं," साहेब गंभीरपणे म्हणाले.

तेवढ्यात बायको बाहेर आली. "अहो, अजून गोळी नाही घेतली? हर्निया म्हणजे काय खेळ वाटला तुम्हाला?"

झालं! धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटलं. (पण आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो.)

"वहिनी, आम्हाला ठाऊक आहे," साहेब म्हणाले. "भूल उतरता उतरता यांनीच मला फोन केला होता."

"मी?"

"तुम्हीच. कुठे कापलं, किती कापलं, सगळं सांगितलंत."

"आणि मी तो स्पीकरवर टाकला," बाई म्हणाल्या. "सगळ्यांनाच काळजी होती हो."

"माझे विनोद किती भिकार असतात, तेही सांगितलंत," साहेब म्हणाले. "पण आज डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलात. बरं वाटलं! घ्या, ती गोळी घ्या. मला अजून एक आठवलाय."